बडोद्याला निळ्यात कोण उतरलं होतं

करुणा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. गोडादऱ्यात तुमच्या गल्लीत मांडव घातला होता. वंदनेला सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते आणि डाव्या बाजूला सतरंजीवर अकरा मुली निळ्या गीमध्ये. गी म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण मांडवातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या की ह्या पोरींनी हे गोधडीसारखं जाड काय घातलंय. शेवटी तुझी मावशीच म्हणाली, ‘कुस्तीचा ड्रेस आहे तो, करुणाच्या क्लासचा. कोट, पँट आणि वरून पट्टा.’

पंचशील झाल्यावर आपल्या क्लबचे हितेशसर बोलायला उठले. सुरतेत दहा वर्षं आपल्या मराठी पोरांत घालवूनही त्यांना मराठी येत नाही, म्हणून हिंदीत बोलले. म्हणाले, ‘ये लड़कियाँ आज ब्लू में बैठी हैं तो करुणा की वजह से. बडोदा में सबसे पहले उसने ब्लू पहना था. मैंने मना किया, फिर भी पहना.’

बोलताना मांडवाच्या खांबापाशी बसलेली मी त्यांना दिसले. ते तुझ्या फोटोकडे वळले आणि पुढे बोलत राहिले.

मी तुझ्यासाठी रडायला आले होते, करुणा. दोन वर्षं आपण धड बोललो नव्हतो, तरी डेंग्यूचं कळल्यापासून रोज कुणाला तरी विचारत होते, आणि तू गेल्याचं कळलं त्या दिवशी कामावर माझ्या हातातली कात्री चालेना. पण सरांचं ते वाक्य ऐकलं आणि डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. तेव्हापासून मी तुझ्यावर संतापलेली आहे. मेलेल्या माणसावर संतापू नये म्हणतात. मला जमत नाहीये.

मला ह्या खेळात तूच आणलंस. मी मार्केटमध्ये साड्यांची शेड कार्डं लावणारी, दिवसभर कापडाचे तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवणारी मुलगी. तू शाळेत पीटी शिकवायचीस आणि संध्याकाळी लिंबायतला त्या साड्यांच्या फोल्डिंग कारखान्यावरच्या हॉलमध्ये जिउ-जित्सूला जायचीस. एकदा रिक्षात एक माणूस मला खेटून बसला होता आणि मी अंग चोरत होते. तू समोरून सगळं पाहिलंस. उतरल्यावर म्हणालीस, ‘संगे, तू आकसत का जातेस? उद्या माझ्याबरोबर ये.’

पहिल्या दिवशी तू मला खाली पाडून माझ्या छातीवर बसलीस आणि मी गुदमरून, हरले, सोड, म्हणून मॅटवर हात आपटला. तू उठली नाहीस. फक्त थोडी हलकी झालीस आणि कानाशी बोललीस, ‘खाली दबलीस की आधी श्वास घे. मग माझा हात शोध. घाई नाही.’ आमच्या एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या माणसांत, मला घाई नाही असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी श्वास घेतला. ते तुझं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही.

सरांचा नियम एकच होता, गी पांढरीच. स्पर्धेच्या नियमांत पांढरा, निळा, काळा असे तिन्ही रंग चालतात हे आपल्याला माहीत होतं, फोनवर सगळ्या जगाचे सामने आपण बघत होतो. पण सरांचं म्हणणं असं की पांढऱ्यावर सगळं दिसतं. घाम दिसतो, मळ दिसतो, कुणी गी न धुता आला तर लगेच कळतं. गडद रंगात माणूस लपवाछपवी करतो. आणि फोटोत सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. तू त्यांच्याशी वाद घालायचीस. ‘सर, आम्हाला महिन्यातून चार दिवस तेच नको असतं, सगळं दिसणं,’ हे वाक्य मात्र तू मलाच म्हणायचीस, जिन्यावर. त्यांच्यासमोर आपल्या कुणाच्याच तोंडून ते निघायचं नाही.

मग पूजाचं झालं. पंधरा वर्षांची होती. आपण पाच मुली आणि वीसेक मुलगे. एका मुलाबरोबर लढत होती, उठली आणि तिच्या मागे डाग. कुणी हसलं नाही, हे खरं. सगळे फक्त गप्प झाले, आणि तो मुलगा आपली बाही पुसायला लागला. पूजाला कळलं तेव्हा ती तिथेच मॅटवर बसली आणि उठेना. तू तुझा कोट काढून तिच्या कमरेला बांधलास आणि आपण दोघी तिला मध्ये घेऊन घरापर्यंत चालत गेलो. ती परत कधी आली नाही. तिच्या आईने तिची धुतलेली गी तुझ्याकडे पाठवून दिली, दुसऱ्या कुणाला होईल म्हणून.

त्या संध्याकाळी तू म्हणालीस, ‘आता बस. बडोद्याच्या स्पर्धेत आपण दोघी निळ्यात उतरायचं. सरांना काय करायचं ते करू दे.’

मी घाबरले होते. मी म्हटलं, ‘क्लबातून काढलं तर?’

‘दोघींना काढतील. दोघी मिळून दुसरीकडे जाऊ.’

हे तू बोललीस. मी नाही, तू. मी दोन वर्षं हेच वाक्य घासून घासून बघतेय, की माझ्या आठवणीत काही चूक आहे का. नाही.

निळी गी विकत आणायचा विचारच केला नाही आपण, कारण तुझे बाबा सचिन गावातल्या डाईंग मिलमध्ये कामाला. तुला वाटलं, एका फेरीत काम होईल. बाबांनी कोटाची बाही बोटांत चोळून बघितली आणि हसले. ‘पोरींनो, आमच्याकडे पॉलिस्टर. हे सुती आहे. आमचा रंग याला धरणार नाही.’ मग त्यांनी ओळखीच्या सुतीवाल्याकडून वेगळा रंग मागून आणला. शेड मी निवडली. मार्केटमधून तीन तुकडे आणले होते, फिरोजी, रॉयल आणि नेव्ही. स्पर्धेला फार फिका चालत नाही, फार गडदही चालत नाही. बाबांनी रॉयलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हा घ्या. निळा तर आपलाच.’ तू त्यांच्याकडे बघितलंस. तुमच्या घरात निळ्याचा अर्थ माझ्या घरापेक्षा मोठा आहे हे मला तोवर कधी नीट उमगलं नव्हतं.

रविवारी तुमच्या गच्चीवर एका पिंपात दोन्ही गी एकत्र टाकल्या. गरम पाणी, मीठ, सोडा. बाबा बांबूने ढवळत होते आणि आपल्याला ढवळायला लावत होते, ‘थांबू नका, थांबलात की डाग पडेल.’ आपले हात कोपरापर्यंत निळे झाले. वाळल्यावर बघितलं तर कापड निळं आणि शिवण पांढरीच राहिलेली. सगळीकडे पांढरे टाके. बाबा म्हणाले, ‘दोरा पॉलिस्टरचा. त्याने नाही घेतला.’ तू म्हणालीस, ‘छान दिसतंय. मुद्दाम केल्यासारखं.’ तुझ्या आईने आपल्या दोघींना हाताने भाकरीचा घास भरवला, कारण आपल्या हातांना रंगाचा वास येत होता. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो दिवस आहे. म्हणूनच पुढचं मला पचत नाही.

बडोद्याला बसने गेलो. पहाटे निघालो तेव्हा तू खिडकीशी बसून गप्प होतीस, मला वाटलं स्पर्धेचं टेन्शन. तिथे पोहोचल्यावर मी आधी कपडे बदलले. निळी गी घालून आरशासमोर पट्टा बांधत होते. मागून बाथरूमचं दार उघडलं आणि तू बाहेर आलीस. पांढऱ्यात.

मी आरशातूनच बघत राहिले. म्हटलं, ‘निळी कुठे?’

‘वाळली नाही गं. काल परत धुतली होती.’

मे महिना होता, करुणा. सुरतेत मे महिन्यात गच्चीवर टाकलेली गोधडीसुद्धा दुपारपर्यंत कडक होते.

तू म्हणालीस, ‘तूही बदल ना. पांढरी आणली असशील.’ मी आणली नव्हती. मी कशाला आणेन? तू बाकावर बसून बोटांना टेप लावायला लागलीस. टेप काढायला तू बॅगची चेन उघडलीस आणि आत मला निळी बाही दिसली, पांढऱ्या टाक्यांची. तू माझ्या नजरेकडे बघितलंस आणि चेन ओढून बंद केलीस.

म्हणजे तू ती आणली होतीस. घरून निघताना तुझ्या मनात होतं. मग बसमध्ये कधीतरी, भरुचच्या आधी की नंतर, तू ठरवलंस. ह्या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. तू आणलीच नसतीस तर मी म्हटलं असतं, घाबरली बिचारी. पण ती तुझ्या बॅगेत होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि तू मला सांगितलंस की वाळली नाही.

बाहेर सर आपल्या मुलांना रांगेत उभं करत होते. मला बघून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. शेजारच्या क्लबच्या माणसाला गुजरातीत म्हणाले, ‘ए ब्लूवाळी आपणी नथी.’ ती निळी आपली नाही. सगळ्यांनी ऐकलं. तूही. कपडे तपासणाऱ्या बाईंनी माझी गी उलटसुलट करून बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ‘चालेल’ म्हणाल्या. नियमाने मी बरोबर होते. पण माझ्या मॅटच्या कोपऱ्यात जिथे आपल्या माणसाने बसून ओरडायचं असतं, तिथे खुर्ची रिकामी होती.

पहिला सामना मी जिंकले, कसा ते आठवत नाही. दुसऱ्यात अहमदाबादची एक मुलगी माझ्यावर चढली आणि तिने माझी कॉलर धरली. मला श्वास घ्यायचा होता आणि तिचा हात शोधायचा होता, आणि मला खरंच वाटत होतं की आता तुझा आवाज येईल. तू तिथेच होतीस, दहा पावलांवर, तुझ्या सामन्याची वाट बघत. मी खालून तुला बघितलं. तू वाकून पट्टा बांधत होतीस. तो आधीच बांधलेला होता, करुणा. तू तो सोडून परत बांधत होतीस.

मी हात आपटला.

तुला तिसऱ्या नंबरचं मेडल मिळालं. परतीच्या बसमध्ये मी पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले. अंकलेश्वर गेल्यावर एका मुलाच्या हाती तू डबा पाठवलास, तुझ्या आईने आपल्या दोघींसाठी दिलेला, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मला तो परत पाठवायचा होता. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी ती भाकरी खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि रिकामा डबा परत पाठवला. त्या दिवसात मला माझी लाज वाटावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

तीन आठवड्यांनी क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला. नवीन लेडीज बॅच, इन्स्ट्रक्टर करुणा. त्यानंतर ग्रुपमधून माझं नाव गेलं. मग मला कळलं की बसमध्ये तू गप्प का होतीस. सरांनी आदल्या संध्याकाळीच तुला सांगितलं असणार, पांढऱ्यात उतर, बॅच तुझी. तुला ती बॅच किती हवी होती हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? कदाचित म्हटलं असतं, घे, बॅच घे, आणि दोघी पांढऱ्यात उतरू. कदाचित तुला शिव्या दिल्या असत्या. पण तू मला विचारायला हवं होतंस. तू मला आरशासमोर एकटीला निळं होऊ दिलंस.

मी अडाजणला एका क्लबात गेले काही दिवस. कामावरून सुटून तापी ओलांडून जायचं, परत यायचं, जमलं नाही. सोडलं. तू एकदा लिंबायतच्या भाजी बाजारात भेटलीस. मेथी निवडत होतीस. म्हणालीस, ‘बरी आहेस ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ तू मेथीची जुडी खाली ठेवलीस, काहीतरी बोलणार होतीस असं वाटलं. मी पुढे निघाले. तेवढंच. हे माझ्याकडून झालं, तेही लिहून ठेवते.

तर परवा मांडवात सर बोलले ते मी ऐकलं, आणि मला वाटलं, हे सरांनी रचलं असेल. पण मग तुझ्या बॅचमधली भूमिका बोलायला उठली. सतरा-अठरा वर्षांची असेल. रडत रडत म्हणाली, ‘दीदी आम्हाला नेहमी सांगायची. बडोद्याला एक मुलगी एकटीच निळी घालून उतरली होती. कोपऱ्यात कुणी नव्हतं, खुर्ची रिकामी, तरी ती लढली. आम्ही विचारायचो, ती तूच ना दीदी? तर ती नुसती हसायची.’

नुसती हसायचीस.

म्हणजे तू खोटं बोलली नाहीस, आणि खरंही सांगितलं नाहीस. माझी रिकामी खुर्ची तू तुझ्या मुलींना दिलीस आणि माझं नाव तेवढं काढून ठेवलंस. मला हेही कळतं की त्या मुलींसाठी तू सरांशी भांडली असशील. अकरा निळ्या गी आपोआप आल्या नाहीत. पूजाचं जे झालं ते त्यातल्या एकीचंही होणार नाही. ते तू केलंस आणि चांगलं केलंस. पण मला एक फोन केला असतास, की संगे, झालं बघ आपलं. एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर मी घरात गेले. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, ‘तू उनी, बरं झायं,’ आणि माझा हात धरून ठेवला. बाबा बाहेरून आले. डोळे सुजलेले. म्हणाले, ‘संगीता, मला एवढंच समाधान आहे बघ, की तुम्ही दोघी माझ्या हातच्या रंगात उतरल्या. ती घरी येऊन म्हणाली होती, बाबा, कुणाचा निळा इतका छान नव्हता.’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या नखांच्या कडेला अजून मिलचा कुठलातरी रंग होता.

मी म्हटलं, ‘हो काका. दोघी.’

बघ, करुणा. तू गेलीस आणि जाताना मलाच तुझ्या खोट्याची साक्षीदार करून गेलीस. ह्याचा राग मला बडोद्यापेक्षा जास्त आहे.

दारात सर भेटले. चप्पल घालता घालता म्हणाले की मुली एकट्या पडल्यात, बॅच तू घे. मी विचारलं, ‘सर, बडोद्याला निळ्यात कोण होतं?’ ते इकडेतिकडे बघायला लागले. ‘हवे रहेवा दे ने, बेन,’ म्हणाले. आता राहू दे. मी म्हटलं, ‘विचार करते.’ त्यांच्यासाठी मला त्या जिन्याची एक पायरीसुद्धा चढायची नव्हती.

पण काल संध्याकाळी मी गेले. खाली फोल्डिंगचा तोच आवाज, वर तीच मॅट, तोच घामाचा आणि फिनेलचा वास. सर मुलांची बॅच घेत होते, त्यांनी मान हलवली. मी साधी ट्रॅक पँट घालून गेले होते. मुली अर्धवर्तुळ करून बसल्या. मी त्यांना एकमेकींखाली दबून श्वास घ्यायला लावलं. सगळ्यांना ते येत होतं. तू नीट शिकवलं होतंस.

सुटताना भूमिकाने विचारलं, ‘दीदी, तुम्ही करुणादीदीबरोबर बडोद्याला होता ना? तिने निळी घातली तेव्हा?’

काकांना मी कधी सांगणार नाही. पण ह्या मुली मॅटवर बसल्या होत्या, आणि मॅटवर मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं. निळ्यात मी होते, करुणा पांढऱ्यात होती. तिची निळी तिच्या बॅगेत होती. आणि तुम्ही आज जे घातलंय ते तिने मिळवलंय, मी नाही. हे तिन्ही खरं आहे.

एकीने पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. भूमिकाचा चेहरा पडला होता, तुझ्या वाटणीचा राग माझ्यावर धरला असावा. मग तिने विचारलं, ‘मग तुम्ही दोघी खूप भांडलात?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘तेच राहिलं.’